हाकेला ओ

१

आमच्या जागेला दवाखाना म्हणायचं की दुकान, यावर आमच्या दोघांचं कधी एकमत झालं नाही. हे म्हणतात दवाखाना, मी म्हणते दुकान. बाहेर पाटी आहे 'श्रवण तपासणी केंद्र' अशी. ती वाचून आत येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य ओरडून बोलतो. इथे बसलेले सगळेच बहिरे असणार, असं त्याला वाटतं.

कामं वाटलेली आहेत. कान तपासायचे मी. कानाचे साचे घ्यायचे, यंत्रं बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची, ते यांचं काम. मागच्या बाजूला तपासणीचा बूथ आहे. कपाटाहून मोठा, खोलीहून लहान. भिंतींना आतून राखाडी स्पंज, दाराला रबराची कड. आत एक खुर्ची, खुंटीवर हेडफोन आणि वायरला लावलेलं एक बटण. पेशंट आत बसतो, मी बाहेर मशीनशी, मधे जाड काच. मी बारीक बारीक सूर सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, म्हणजे माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो. आत एक माइक आहे, त्यामुळे पेशंट काही बोलला तर ते माझ्या हेडफोनमध्ये येतं, आणि माझ्याजवळच्या माइकमधून माझं बोलणं त्याला ऐकू जातं. खुर्चीची पाठ नेहमी काचेकडे. पेशंटला माझा हात दिसला तर तो कानांऐवजी डोळ्यांनी ऐकायला लागतो.

या कामात मी सगळ्यात आधी शिकले ते हे, की आवाज नसतानाही माणसं बटण दाबतात. ती खोटं बोलत नसतात. तेवढ्या शांततेत, तेवढं मन लावून बसलं की खरंच काहीतरी ऐकू येतं. अशा वेळी मी पेशंटवर चिडत नाही. जरा थांबते आणि पुन्हा सुरू करते.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढचं लिहिणारी बाई भाबडी आहे असं कुणाला वाटू नये. जसं घडतंय तसं लिहिते आहे.

आमची मुलगी गेल्या वर्षी गेली. एकोणीस वर्षांची होती. साधा ताप आला, तो डोक्यात गेला, आणि रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेली मुलगी परत घरी आली नाही. तिला आम्ही खारू म्हणायचो. लहानपणी ती खारीसारखी वस्तू लपवून ठेवायची. बिस्किटं, रबर, दुसऱ्याची पेनं. अजूनही एखादा ड्रॉवर जोरात ओढला की मागून काहीतरी गडगडत येतं. मग मला तिथेच खाली बसावं लागतं.

२

सुरुवातीला हेच जास्त खचले होते. ताटावर बसायचे आणि तसेच उठायचे. एका बाईंच्या उजव्या कानाचा साचा डाव्यासाठी देऊन बसले. त्या बिचाऱ्या तो दाबून बसवायला गेल्या आणि कान सुजवून परत आल्या. भेटायला येणारे मला म्हणत, "तू खंबीर आहेस म्हणून निभावतंय." बाईला रडू द्यायचं नसलं की लोक तिला खंबीर म्हणतात. मी निभावलं. यांना आंघोळीला उठवलं, पेशंटची माफी मागितली, सगळं केलं. एक आधार होता, की निदान हे दुःख आमचं दोघांचं आहे. रात्री पाठीला पाठ लावून पडलो तरी दोघं जागे आहोत हे दोघांनाही माहीत असायचं.

मग एकदा जेवताना यांनी भाताचं पातेलं पुढे ओढलं आणि विचारलं, "अजून आहे का?"

मला बरं वाटायला हवं होतं. मी वाढलं. पण बरं वाटलं नाही.

त्यानंतर दाढी करताना गुणगुणणं आलं. इस्त्रीचा शर्ट आला. रात्री मी जागी असायची आणि शेजारी घोरण्याचा आवाज. मी बहिणीला फोनवर सांगितलं.

"पुरुष लवकर सावरतात गं," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "का गं? कुणी आहे का?"

"कोण असणार? आमच्याकडे येणाऱ्या बायकांची वयं माहीत आहेत का तुला?"

"बहिऱ्या असल्या म्हणून काय झालं? उलट बरं. त्यांना भावजींचं ऐकावं तरी लागत नाही."

कितीतरी दिवसांनी मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र संताप आला. पोरगी दोघांची गेली आणि शोक मी एकटीने करायचा?

आमचं घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही जेवायला वर यायचो. आता हे मला पुढे पाठवायला लागले. "तू हो पुढे. मी जरा मशीन तपासून येतो."

मशीन माझं. इतक्या वर्षांत यांनी त्याला कधी फडकंसुद्धा लावलेलं नाही.

३

छापखान्यातले एक आजोबा तपासणीला आले होते. गोरे, ताठ, कानात कापसाचे बोळे. का, तर म्हणे आता सवय झाली.

"ऐकू आलं की बटण दाबायचं, आजोबा."

"ऐकू आलं असतं तर इथं कशाला आलो असतो, बाई?"

दार लावलं. उजवा कान झाला, डावा सुरू केला. मी सूर सोडायच्या आधीच हिरवा दिवा लागला. मी थांबले. पुन्हा लागला. घाई झाली असेल म्हणून मी हात मशीनवरून उचलून मांडीवर ठेवला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"आजोबा, बटण सोडा."

"मी कुठे धरलंय?" त्यांचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये आला. मग जरा थांबून, "बाई, आत आणखी कुणाला बसवलंय का?"

"नाही. का?"

"पोरीचा आवाज येतोय. अगदी हळू बोलते." ते ऐकत राहिले. मला त्यांचं डोकं पाठीमागून दिसत होतं. ते एका बाजूला कललं. "विचारतेय, माझं नाव काय."

"तुमचं?"

"तिचं. तिचं स्वतःचं. आता मी काय सांगू? मी तर आत्ताच आलोय."

हे मी समजू शकते. ज्या कानांना बाहेरून काही मिळत नाही ते स्वतःच काहीतरी तयार करतात. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला गाणी, कुणाला कुजबुज. मी दार उघडून त्यांना नेहमीच्या शब्दांत हे सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"जन्म गेला छापखान्यात," ते म्हणाले. "माझ्या कानात मशीन चालतं, रात्रंदिवस. ते माझ्या ओळखीचं आहे. ही पोर ओळखीची नाही."

हे तेव्हा दारातच उभे होते, हातात साच्याचं सामान घेऊन. आश्चर्याचा मागमूस नाही चेहऱ्यावर. घाईने पुढे आले, आजोबांचा दंड धरला आणि "चला, साचा घेऊन टाकू" म्हणत त्यांना पलीकडच्या खोलीत घेऊन गेले. मधलं दार पातळ आहे. हे हळूच विचारत होते, "तुम्ही तिला काही सांगितलं नाही ना?"

४

दुसऱ्या दिवशी मी वर गेले, ताटं घेतली, भांड्यांचा आवाज केला. मग चपला हातात घेऊन खाली आले.

बूथमधला दिवा चालू होता. दार बंद. हे माझ्या खुर्चीत बसले होते, माझे हेडफोन लावून, तोंड माइकजवळ. काचेपलीकडे फक्त रिकाम्या खुर्चीची पाठ.

"नाही गं, उजवीकडे नाही," हे म्हणत होते. "हनुवटीच्या मधोमध. पायरीवरून पडलीस तेव्हाची." थोडा वेळ थांबले. "अजून जरा बारीक... हां. आता बरोबर."

ही आवाजातली माया मी वर्षभर ऐकली नव्हती. मला वाटलं, एकटेच बोलत आहेत. माणूस काय काय करतो. मीही तिची उशी अजून धुतलेली नाही. मी मागे फिरणार होते. मला लाज वाटत होती, कुणाला उघडं पाहावं तशी.

तेवढ्यात कान खाजवायला यांनी हेडफोन एका बाजूने वर सरकवला. त्या छोट्या चकतीतून आवाज बाहेर आला. काडेपेटीत माशी अडकावी एवढाच. पण आयुष्यभर मी असेच आवाज ओळखत आले आहे.

"बाबा."

हिरवा दिवा लागला.

मी वर गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. भीती होतीच, पण तिच्याआधी मनात आलं ते वेगळंच होतं. मनात आलं, चूक आहे हे.

लग्नानंतरची बरीच वर्षं आम्ही दिरांच्या कुटुंबात एकत्र राहिलो. एकच स्वयंपाकघर, माणसं पुष्कळ. पुतण्या, पुतणे सगळे यांना काका म्हणायचे, मला काकू. खारू सगळ्यात शेवटची. ती बोलायला लागली तीच ते ऐकून, आणि जन्मभर आपल्या बापाला काका म्हणाली, आईला काकू. शाळेत बाईंनी एकदा कीव येऊन विचारलं होतं, "हिचे आईवडील कुठे असतात?" मी एकदा बिस्किटाची लाच दाखवली होती, 'आई' म्हण म्हणून. तिने विचार केला, म्हणाली, "काकूआई," बिस्किट घेतलं आणि लपवायला गेली. पुढे दीर-जाऊ दुसऱ्या गावी गेले. शब्द आमच्याकडे राहिले.

बाबा हा शब्द तिच्या तोंडून कधी निघालाच नाही. एकदाही नाही.

मग मी स्वतःलाच तपासलं. दुःखाने माझ्याच डोक्यात घोटाळा झाला असेल तर? थोरल्या पुतणीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "खारू काकांना काय हाक मारायची गं?"

"काकाच की! आम्ही चिडवायचो ना तिला, बापाला काका म्हणते म्हणून. ती म्हणायची, तुमचे ते उसने काका, माझे खरे काका." पुतणी हसली आणि मग तिचा आवाज बसला. "काकू, का विचारतेस?"

"उगीच," मी म्हटलं.

५

संध्याकाळी हे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. मी समोर बसले.

"मी दुपारी खाली आले होते."

यांचा हात थांबला नाही. "कळलं मला. ती म्हणाली, कुणीतरी बाई उभी आहे."

कुणीतरी बाई. आधी वाटलं, ती मला विसरली. मग वाटलं, विसरायला आधी ओळख लागते.

"अहो, ती खारू नाही."

"माहीत आहे मला."

मला नकार हवा होता. यांनी भांडावं, मला वेडी ठरवावं, खारूच आहे म्हणून रडावं, या सगळ्याची मी तयारी केली होती. या उत्तराची नाही.

"माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. तिला काहीच येत नव्हतं. नावसुद्धा." यांनी बनियनची घडी केली, हाताने सपाट केली. "आतलं बटण अडकलं होतं म्हणून हेडफोन लावून बघत होतो. तर कुणीतरी म्हणालं, बाबा."

"आणि तुम्ही तिला आपली खारू शिकवताय. तिच्या हनुवटीवरची खूण. तिचं पडणं."

"थोडं थोडं."

"का?"

यांनी घडी ढिगावर ठेवली. मग म्हणाले, "हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी मी आत होतो. ती शुद्धीवर आली, माझ्याकडे बघून काका म्हणाली. नर्स नवीन होती. मला म्हणाली, फक्त आईवडिलांनी थांबायचं, काका-मामांनी बाहेर बसायचं. मी सांगितलं, मी बाप आहे. ती म्हणाली, पेशंट काका म्हणतेय, तुम्ही कशाला खोटं बोलता? मला हाताला धरून बाहेर बसवलं. तू औषधं घेऊन आलीस आणि सरळ आत गेलीस. तू कागदांवर सह्या केल्या होत्या, तुला सगळे ओळखत होते."

"मला माहीत नव्हतं."

"तू विचारलंच नाहीस, मी बाहेर का होतो. तुला वाटलं मला बघवेना, म्हणून मी बाहेर बसलो." हे खरं होतं. मला तसंच वाटलं होतं. "बाकावर बसलो होतो. आतून तुझा आवाज आला, तेव्हा कळलं संपलं."

मी यांचा हात धरायला हवा होता. पण मला तो रिकाम्या खुर्चीपुढे झुकलेला माणूस दिसत होता, माझ्या मुलीचा एकेक तुकडा काचेपलीकडे देणारा.

"एका शब्दासाठी विकलंत तिला," मी म्हटलं.

"विकलं काय? ती काही मागत नाही. विचारते, तेवढंच मी सांगतो."

"मला एकदा ऐकू द्या."

"नको," हे लगेच म्हणाले. "तू तिला सगळं खरं सांगशील."

६

त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलायचो. यांची तब्येत सुधारली. गाल भरले. पेशंट म्हणायचे, साहेब आता बरे दिसतात.

एक दिवस एका लहान मुलाच्या आईला धीर देताना मी म्हटलं, "आमच्या मुलीलाही पडून हनुवटीला टाके पडले होते, खूणच राहिली." हे साचा घासत होते. मान वर करून म्हणाले, "कुणाला? आपल्या खारूला? छे, तिच्या तोंडावर कसली खूण?"

मला वाटलं, चिडवताहेत. बाई गेल्यावर मी विचारलं. यांच्या कपाळावर खरोखरीची आठी होती, आठवून पाहणाऱ्या माणसाची. खूण नव्हती. टाके नव्हते. पायरी नव्हती. "तुला दुसऱ्या कुणाचं तरी आठवतंय."

मग मी घाबरून एकेक विचारत गेले, पेशंटचे कान तपासावेत तसं, सोप्याकडून कठिणाकडे. बिस्किटं लपवायची, ते आठवत नव्हतं. खारू हे नाव का पडलं? "तूच ठेवलंस ना कशावरून तरी?" शेवटी मी म्हटलं, "आणि ती नर्स? जिने तुम्हाला बाहेर बसवलं?"

"मला कोण बाहेर बसवणार?" हे हसले. "मी बाप आहे तिचा."

"ती तुम्हाला काका म्हणायची."

"काका?" यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. खरी काळजी. "अगं, बाबाच म्हणायची. तू झोपत नाहीस हल्ली."

मग मला कळलं. सांगून झालेली गोष्ट यांच्याकडे राहत नव्हती. आणि त्याचं यांना दुःख नव्हतं. वर्षभर मी ज्याच्या शेजारी जागी पडले तो माणूस माझ्या बाजूने उठून गेला होता. खरी खारू आता माझ्या एकटीच्या डोक्यात उरली होती. माझं काही झालं, तर ती कुठेच नसती.

त्या दुपारी मी चपला हातात घेतल्या नाहीत. सरळ खाली उतरले. यांनी वळून पाहिलं नाही. "केस कुरळे," हे माइकमध्ये म्हणत होते. "पावसात भिजलेत असे वाटायचे. सरळ नाहीत गं. कुरळे."

काचेपलीकडे खुर्चीच्या पाठीच्या वर काहीतरी काळं दिसत होतं. खुंटीवरचा हेडफोन तिथे होता, त्याची पट्टी ताणलेली, वायर लोंबकळत होती. आधी मला वाटलं, कुणी रुमाल टाकलाय. ते केस होते. सरळ, चपटे, ओले केल्यासारखे. बघता बघता त्यांची टोकं आत वळायला लागली. कागद विस्तवाजवळ धरल्यावर कडा वळतात तशी. मग खुर्ची किंचित फिरली, काचेच्या बाजूला.

मी डोळे मिटले. यांचा आवाज आला, "हां! आता बरोबर." उघडले तेव्हा खुर्ची जागेवर होती आणि हेडफोन खुंटीला.

७

आज सकाळी हे साचे आणायला गेले. यायला वेळ लागणार होता. मी ठरवलं होतं. मशीनच्या मागच्या वायरी उपटायच्या, माइक काढायचा, आणि यांना सांगायचं की कंपनीने परत नेलं. भांडण झालं असतं. होऊ दे. निदान उरलेली खारू तरी वाचली असती.

कात्री घेऊन बसले. बूथमध्ये कुणी नव्हतं, दिवाही लावलेला नव्हता. काचेत माझाच चेहरा, केस विस्कटलेले, कात्री हातात.

एकदा ऐकावं, असं वाटलं. एवढंच, की काय तोडतेय ते कळावं. मी हेडफोन लावले.

शांतता होती. बूथची शांतता मला माहीत आहे. तिला एक दाब असतो. त्यात कुणाचातरी श्वास होता. मी माझा श्वास रोखून पाहिलं. तो चालूच राहिला.

मी काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तिने विचारलं तरी सांगायचं नाही. तिने खारूचं काहीही म्हणून दाखवलं, तरी ते यांच्याकडून उचललेलं आहे हे मला माहीत होतं. ती माझी बिस्किटाची गोष्ट सांगेल, टाक्यांची सांगेल. मी ऐकणार आणि वायर कापणार. काकू म्हणाली तर? तेही यांनीच कधीतरी सांगितलेलं असणार. मी कात्रीत वायर धरली.

"आई," ती म्हणाली.

आवाज खारूचा होता. हुबेहूब. घसा किंचित बसलेला, शब्दाचा शेवट गिळलेला. हे खोटं आहे. हा शब्द तिचा नाही. तिने तो कधीच म्हटला नाही. मी सगळं मनात म्हणत होते आणि कान हेडफोनच्या आत आणखी रुतत होता.

एकोणीस वर्षं मी सगळ्यांबरोबर हसले होते. काकू म्हणते, किती गोड. दुसऱ्यांच्या पोरी दारातून ओरडत यायच्या, आई गं, आई, आणि मी माझ्याच घरात काकू होते. मी यांना म्हटलं होतं, एका शब्दासाठी विकलंत.

"आई," ती पुन्हा म्हणाली. घाई नव्हती तिला. दुकानात कुणी नव्हतं. शटरच्या फटीतून उन्हाची पट्टी फरशीवर पडली होती. काचेपलीकडे अंधारात खुर्ची हळूहळू माझ्याकडे वळत होती. मी या वेळी डोळे मिटले नाहीत, पण तिकडे पाहिलंही नाही. मी हिरव्या दिव्याकडे पाहत राहिले.

"आई गं."

मी ओ दिली.

८

हल्ली आम्ही दोघंही दुपारी खालीच जेवतो. डबा खाली आणतो. यांनी मशीनला दुसरा हेडफोन जोडून घेतला आहे, म्हणजे भांडण नको. झोप चांगली लागते. तिची उशी मी परवा धुवायला टाकली. वर काय काय लिहिलंय ते मी परत वाचलेलं नाही. कात्री मशीनवर का पडली होती कोण जाणे, ती जागेवर ठेवून दिली.

मघाशी थोरल्या पुतणीचा फोन आला होता. "काकू," ती म्हणाली, "बरी आहेस ना?"

आणि मला एकदम हुंदका फुटला. आवरेना.

"काकू? काय झालं? काका बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत गं." मी पदराने डोळे पुसले, ते पुन्हा भरले. पुतणी काकूला काकू म्हणणार नाही तर काय म्हणणार? त्यात रडण्यासारखं काय होतं? खालून यांचा हसण्याचा आवाज येत होता. "तू आत्ता काय म्हणालीस?"

"बरी आहेस ना, म्हटलं."

"त्याच्या आधी."

ती गोंधळली. "काकू म्हटलं."

"पुन्हा म्हण," मी म्हणाले, आणि फोन कानावर दुखेल इतका दाबून धरला.